दुबार हजेरी

उन्हाळा तापला की विहिरी तळाला जातात, विजेचा दाब पडतो आणि मोटारी जळायला लागतात. त्या वर्षी तर उन्हाळा पुरता लागायच्या आधीच जळू लागल्या. खरखऱ्याच्या दुकानापुढे सकाळी सहालाच माणसं मोटारी घेऊन उकिडवी बसलेली असत, दवाखान्यात तापाचं पोर घेऊन बसावं तशी.

मोटार भरायचं काम म्हटलं तर सोपं आणि म्हटलं तर जीव काढणारं. जळालेली मोटार उघडायची, कोळसा झालेली तार छिन्नीने तोडून ओढून काढायची, खाचा घासायच्या, प्रत्येक खाचेत कागद बसवायचा आणि मग तांब्याची नवी तार वेढे मोजून भरायची. वेढे मोजताना कोणी बोललेलं चालत नाही. मोजदाद चुकली तर मोटार पंधरा दिवसांत परत येते, आणि मालक शिव्या घेऊन तिच्यासोबत येतो. कागद कापायचं काम बायकोकडे होतं. तिच्या बोटांवर कागदाच्या धारेचे बारीक काप असत. त्यात तारेवर चढवायचं वॉर्निश शिरलं की ती ओठ मिटून घेई, पण कात्री थांबत नसे.

खरखऱ्याचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल. गावाला ते आठवत नव्हतं. लहानपणापासून हा कुठले तरी मोडके रेडिओ उघडून बसायचा आणि त्यातून गाणी कमी आणि खरखर जास्त यायची, म्हणून खरखऱ्या. वय पन्नाशीला टेकलं तरी नाव आणि खोड दोन्ही सुटली नव्हती. दुकानाच्या मागच्या खोलीत त्याचा संसार वेगळाच होता: धंदा बंद केलेल्या टॅक्सीवाल्यांकडून आणलेले जुने वायरलेस सेट, मोडीत निघालेला एक कॉम्प्युटर, तारांची भेंडोळी. बायको त्या खोलीला सवतीचं घर म्हणायची.

पण त्या सवतीच्या घरातूनच एक चांगली गोष्ट झाली होती. तीन वर्षांपूर्वी वरच्या वाडीत एक म्हातारा पाय मोडून दोन दिवस स्वतःच्या ओसरीत पडून राहिला. वाडीतली घरं डोंगराच्या अंगाने विखुरलेली, एकाची हाक दुसऱ्याला जात नाही, आणि मोबाइलला रेंज नाही. म्हातारा वाचला, पण ओरडून ओरडून त्याचा आवाज बसला तो कायमचा. खरखऱ्याने ते मनाला लावून घेतलं. परवान्यासाठी खेपा घातल्या, डोंगराच्या माथ्यावर खांब रोवला, त्यावर आवाज पुढे पोचवणारं यंत्र बसवलं, सौरपट्टी लावली आणि एकट्या-दुकट्या अकरा घरांना एकेक सेट नेऊन दिला. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायला निघालाय, असं लोक म्हणाले. लोकांना म्हणायला काय जातं.

रोज सकाळी सातला हजेरी. एक नंबरपासून अकरा नंबरपर्यंत प्रत्येक घराने बटण दाबून आपला नंबर सांगायचा. जो सांगणार नाही त्याच्याकडे शेजारच्याने जाऊन बघायचं. आणि एकाचं बोलणं चालू असताना दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही, हा नियम खरखऱ्याने सगळ्यांना इतका घोटून पाठ करून घेतला होता की माणसं समोरासमोरही एकमेकांचं बोलणं संपायची वाट बघू लागली होती.

अकरावं घर त्याच्या बहिणीचं. आई गेली तेव्हा खरखऱ्या चार वर्षांचा आणि ताई चौदाची. ताईने त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत ओढत नेलं, पहिला रेडिओ फोडला म्हणून झोडपलं आणि दुसरा फोडायला आणूनही दिला. तिचं लग्न उशिरा झालं आणि नवरा लवकर गेला. तेव्हापासून ती वरच्या वाडीत, सगळ्यांत शेवटच्या घरात, एक गाय आणि दोन शेळ्या घेऊन राहत होती. खाली ये म्हटलं की म्हणायची, "खाली येऊन काय तुझ्या मोटारी राखू?"

हजेरीला ती शेवटची, आणि तिचं काही नंबरावर भागायचं नाही.

"अकरा नंबर. आहे रे. जेवलास का?"

"ताई, सकाळचे सात वाजलेत."

"मग काल रात्री जेवलास का?"

"जेवलो. नंबर तेवढा सांगायचा असतो, किती वेळा सांगू?"

"नंबर सांगून काय कळणार? नंबर काय जेवतो का, झोपतो का? वहिनीचा खोकला कसा आहे?"

बाकीची दहा घरं गुपचूप ऐकत असायची. बोलणं संपलं की ताई "संपलं" म्हणायची आणि संपल्यावरही दोन वाक्यं बोलायची. गाय आटली, शेळीने कुंपण खाल्लं, गुडघा धरला. लोक हसायचे, पण सातला सेट कानाशी धरून बसायचे ते थोडंफार त्यासाठीच.

हिवाळ्यात हे सगळं ठीक होतं. उन्हाळ्यात सातच्या ठोक्याला दुकानात सहा मोटारी उघड्या पडलेल्या असत. एकदा एक बागायतदार दारात उभा राहून म्हणाला, "आमची रोपं वाळतायत आणि तुझं बहिणीशी शेळीपुराण चाललंय. मोटार भरतोस की दुसरीकडे नेऊ?"

खरखऱ्याने हातातले वेढे पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बायकोने आतून बघितलं, कात्री खाली ठेवली आणि पुन्हा उचलली. मोटार दुसरीकडे गेली असती तर त्या माणसामागे आणखी चार गेल्या असत्या.

त्या आठवड्यात त्याने कॉम्प्युटरला हजेरी घ्यायला शिकवलं. प्रत्येक सेटचं बटण दाबलं की आधी एक बारीकसा सूर निघतो, घरागणिक वेगळा. कॉम्प्युटर तो सूर ओळखायचा आणि पडद्यावर त्या घराचा चौकोन हिरवा करायचा. पहिल्या दिवशी अकरा घरांत तेरा हजर निघाले, कारण दोघांनी बटण दोनदा दाबलं होतं. तेव्हा खरखऱ्याने आणखी एक कलम घातलं: दिवसातली पहिली हाक तेवढी हजेरी, त्यानंतरची ‘दुबार’, ती वेगळ्या यादीत टाकायची आणि मोजायची नाही. मग आवाजाची गरजच उरली नाही. मोजताना व्यत्यय नको म्हणून त्याने आवाजाचं बटण पार डावीकडे फिरवून ठेवलं. मध्येच कधी मान वर करून पडद्याकडे बघायचं. अकरा हिरवे दिसले की झालं.

राहता राहिली ताई. आवाज बंद करायच्या आधीपासूनच ती म्हणत होती, "अंगठा आखडलाय रे. धार काढता काढता गेला. ते मेलं बटण दाबताना कळ मस्तकात जाते."

ताईला गाऱ्हाणं सांगायचं होतं, ह्याने दुरुस्ती हाती घेतली. हा त्याचा स्वभावच. माणूस रडत आला तरी हा त्याची तार कुठे तुटलीय ते बघणार.

एका दुपारी तो चढ चढून वर गेला. पाठीवर लहान सौरपट्टी, पिशवीत बॅटरी आणि सकाळी सातला आपोआप बटण दाबणारं स्वतः केलेलं घड्याळ. ताईने गायीचं दूध तापवलं, चुलीपुढे पाट मांडला.

"जेवून जा."

"सात मोटारी पडल्यात, ताई. शिडी धर."

तिने शिडी धरली. तो छपरावर पट्टी बसवत होता आणि ती खालून बोलत होती. ओढ्याचं पाणी पंधरा दिवस आधीच आटलं. पलीकडच्या शिलाईवालीची सून बाळंत झाली. तो हूं हूं करत स्क्रू पिळत होता. खाली उतरून त्याने सेट फळीवर ठेवला, तार जोडली आणि घाम पुसला.

"झालं. आता तुला काही करायला नको. सातला आपोआप वाजेल."

"मी गोठ्यात असले तर?"

"तरी वाजेल."

"डोळा लागला असला तर?"

"तरी वाजेल. तुझ्या अंगठ्याला आराम."

ताई सेटकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं केलंस बाबा. दूध तरी पी." ते त्याने उभ्यानेच प्यायलं. उतारावर वळून बघितलं तेव्हा ती अजून शिडी धरूनच उभी होती.

त्यानंतर पाऊण महिना रोज सातला अकरा चौकोन हिरवे झाले. उकाडा इतका वाढला की वॉर्निश भट्टीत न घालता उन्हातच वाळायचं. खरखऱ्याच्या हाताची सालं निघाली. तो जेवताना तारेचे वेढे मोजायचा आणि बायको म्हणायची, "अहो, घास मोजताय की वेढे?" तिने एकदोनदा विचारलंही, वन्सं काय म्हणतात. त्याने मान वळवून पडद्याकडे बघितलं आणि सांगितलं, "बरी आहे."

मग एका सकाळी, आठाच्या सुमाराला, शिलाईवाली दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. ती नऊ नंबर. ताईच्या घरापासून ओढा ओलांडून अर्ध्या तासावर राहणारी. पायात चप्पल नव्हती. बायकोने पाणी दिलं ते तिने अर्धं अंगावर सांडलं.

"किती हाका मारल्या, भाऊ. तिच्याच सेटवरून मारल्या. तुमचं उत्तर येईना. म्हणून पळत आले."

"कोणाला काय झालं?" खरखऱ्याच्या हातात अर्धी भरलेली मोटार होती.

"ताई गेल्या."

"कुठे गेली?"

शिलाईवालीने पदर तोंडाला लावला.

खरखऱ्या उठला, मागच्या खोलीच्या दारात गेला आणि पडद्याकडे बोट केलं. "अहो, काहीतरीच काय. आज सकाळी हजर आहे ती. हे बघा. अकरा नंबर. हिरवा आहे."

दारात बसलेली मोटारवाली माणसं उठून उभी राहिली. कोणी पडद्याकडे बघेना. त्याचं बोट तसंच हवेत होतं. शेवटी बायकोने ते धरून खाली केलं.

पहाटे ताईची गाय दावं तोडून शिलाईवालीच्या अंगणात येऊन उभी राहिली होती. कास दगडासारखी तटतटलेली, तोंडाला फेस. शिलाईवालीने तिला पाणी पाजलं, थोडी धार काढून मोकळी केली आणि परत द्यायला म्हणून घेऊन गेली. ताई गोठ्यात होती, बादलीशेजारी. एक शेळी दाव्याशीच मेली होती. डॉक्टर वर आला, नाकाला रुमाल लावून आत गेला आणि लवकर बाहेर आला. म्हणाला, "चार दिवस तरी झाले असतील. हृदयाचंच असणार. फार त्रास झाला नसेल." डॉक्टर असंच म्हणतात, आणि त्यांनी म्हणावंही.

पुढचं सगळं त्याच दिवशी उरकावं लागलं. चार दिवसांच्या उन्हानंतर थांबण्यासारखं काही राहिलं नव्हतं. खरखऱ्याला लोकांनी तोंड बघू दिलं नाही. तोही हट्टाला पेटला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने मोटार हातात घेतली आणि वेढे मोजायला सुरुवात केली. चाळिसावर चुकला. पुन्हा मोजले, पुन्हा चुकला. समोरच्या चहाच्या टपरीवर तो बागायतदार बसला होता. मुद्दाम ऐकवायचं म्हणून नव्हे, पण ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाला, "खरखऱ्याच्या यंत्राचं बरं आहे. मेलेलं माणूसही हजर लावतं." एकजण हसला आणि लगेच खोकल्यासारखं केलं. दुपारपर्यंत चार नंबर आणि सात नंबरवाले आपापले सेट दुकानाच्या पायरीवर ठेवून गेले. आत आले नाहीत. बायकोने दोन्ही सेट पुसून आत नेले.

तिसऱ्या दिवशी सातला खरखऱ्या मागच्या खोलीत नुसताच बसला होता. एक हिरवा झाला, दोन झाला, तीन झाला. चार आणि सात काळेच राहिले. शेवटी अकरा हिरवा झाला.

वरची सौरपट्टी, बॅटरी, घड्याळ, कशालाच कोणी हात लावला नव्हता. सगळं कसं ठाकठीक चाललं होतं. हाताने केलेल्या कामाचा एरवी त्याला अभिमान वाटायचा. आज त्याने पडद्यावरचा तो चौकोन तळहाताने झाकला.

किती दिवस खोटी हजेरी लागली ते बघावं म्हणून त्याने यादी उघडली. रोज सात वाजता अकरा नंबर, एक सेकंद. सगळ्या ओळी एकसारख्या. त्यातून ताई कधी गेली ते काही कळत नव्हतं. मग त्याला दुसरी यादी आठवली. दुबारची. ती त्याने केल्यापासून एकदाही उघडली नव्हती.

त्यात पानभर अकरा नंबर होता.

सात वाजून दोन मिनिटं, अकरा नंबर, नऊ सेकंद. दुसऱ्या दिवशी सात वाजून दोन मिनिटं, अकरा सेकंद. तिसऱ्या दिवशी चौदा. एका दिवशी दोनदा. एका दिवशी पन्नास सेकंद. घड्याळ बसवलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून एकही दिवस चुकलेला नव्हता. मग एक ओळ आठ सेकंदांची, आणि तिच्याखाली चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी सकाळी एकाखाली एक सहा ओळी: त्या शिलाईवालीच्या हाका.

"अगं," त्याने बायकोला हाक मारली, "इकडे ये जरा."

तिने यादी बघितली. तिला आकडे कळायचे. कागद तीच मापून कापायची. तिचा हात तोंडावर गेला. "वन्सं बोलत होत्या," ती म्हणाली. "रोज बोलत होत्या हो. आणि आपण आवाज बंद करून बसलो होतो."

तो म्हणाला, "मीच बंद केला होता." आणि मग पन्नाशीचा तो माणूस कॉम्प्युटरपुढे कपाळ टेकून पोरासारखा रडला. बायको त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. बाहेर मोटारवाले ताटकळले होते. त्यांना तिने आज दुकान बंद म्हणून सांगितलं नाही. आतलं रडणं ऐकून ते आपणच उठून गेले.

घड्याळाची तार काढायला कोणीतरी जायला हवं होतं. "मीच जातो," तो म्हणाला. निघताना बायकोला म्हणाला, "सेटचा आवाज मोठा करून ठेव."

वाटेत शिलाईवालीचं घर लागलं. ताईची गाय आता तिच्याच गोठ्यात होती. त्याने अंगणात उभं राहूनच विचारलं, "वहिनी, ताई रोज बोलायची, तुम्ही ऐकायचात ना?"

"ऐकायचो की. सगळेच ऐकायचो."

"मग मला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं, भाऊ? तुमच्याशी बोलत होत्या त्या. तुम्हीच शिकवलंत, मध्ये तोंड घालायचं नाही म्हणून." तिने पदराने नाक पुसलं. "तुमचं उत्तर येत नव्हतं. आम्ही म्हटलं, असेल कामात. मग चार दिवस बोलल्याच नाहीत, तेव्हा आम्हाला वाटलं रुसल्या असतील. सूर तर रोज वाजत होता. उत्तर नाही आलं की माणूस रुसतोच ना."

"काय बोलायची?"

"काही नाही. नेहमीचंच. अकरा नंबर, आहे रे, जेवलास का."

"आणि एकदा बराच वेळ बोलली होती."

शिलाईवालीने आठवून बघितलं. "ते गायीचं. गाय गाभण राहिली म्हणून सांगत होत्या. म्हणाल्या, वहिनीला सांग, व्याली की चीक पाठवते. मग जरा थांबल्या आणि म्हणाल्या, ऐकतोयस ना. मग संपलं म्हणाल्या."

तो वर गेला. घर लोकांनी झाडून बंद केलं होतं. दार ढकललं तर फळीवर सेट तसाच होता, त्याच्या घड्याळाची तार नीट जोडलेली. पण सेटला आणखी काहीतरी बांधलं होतं. त्याने उजेडात धरून बघितलं. लाकडी पळीचा मोडका दांडा, लुगड्याच्या काठाने सेटभोवती आवळून, बटणावर बरोबर टेकेल असा बसवलेला. वरच्या टोकाला चिंध्यांची गुंडाळी, तळहाताला रुतू नये म्हणून. अंगठ्याने दाबता येत नव्हतं, तर ताईने तळहाताने दाबायची सोय केली होती. चिंध्या हाताच्या तेलकटीने काळ्या पडल्या होत्या. दोन-तीनदा गाठ सुटून पुन्हा बांधल्याचं दिसत होतं. खरखऱ्याने आयुष्यात पुष्कळ जुगाड बघितले होते, पण इतकं नेटकं काम त्याने स्वतःही केलं नसतं.

चूल थंड होती. पाट भिंतीला उभा केलेला होता. तो त्याने आडवा केला आणि त्यावर बसला.

घड्याळाची तार त्याने उपटली. मग सेट मांडीवर घेतला, चिंध्यांवर तळहात ठेवला आणि दाबला. बारीक सूर निघाला. त्याला बोलायचं होतं. किती सेकंद गेले कोण जाणे. त्याने हात उचलला.

थोडी खरखर झाली आणि खालून बायकोचा आवाज आला. ती आयुष्यात पहिल्यांदाच सेटवर बोलत होती, त्यामुळे मोठ्याने बोलत होती.

"अकरा नंबर, ऐकतेय मी. बोला."

बाकीची घरंही ऐकत असणार. कोणी मध्ये बोललं नाही.

त्याने पुन्हा तळहात ठेवला. "आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "ताईची गाय गाभण आहे. तुला सांगायला सांगितलं होतं तिने."

"बरं," बायको म्हणाली. मग तिने विचारलं, "जेवलात का?"

तो पाटावर बसून राहिला. सेट मांडीवर तसाच होता. बऱ्याच वेळाने त्याने दांडा दाबला आणि नाही म्हणून सांगितलं.